बऱ्हाणपूरला न थांबलेली चित्रे

मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे १८७० साली लोहमार्गाने सलग जोडली गेली. हा मार्ग भुसावळवरून बऱ्हाणपूर आणि खंडवा घेत जबलपूरला पोचतो, आणि तिथे पूर्वेकडून आलेल्या रुळांना मिळतो. हिंदुस्थानात छायाचित्रकारांची पहिली सभा मुंबईत स्थापन झाली, त्यानंतर दोन वर्षांच्या आत कलकत्त्यात आणि मद्रासेतही. म्हणजे देशातल्या छायाचित्रकलेच्या दोन मोठ्या केंद्रांना जोडणारी वाट बऱ्हाणपूरच्या दारावरून जाते. एखादी राष्ट्रीय छायाचित्र संस्था वर्धापनदिनाचे फिरते प्रदर्शन काढते, तेव्हा तिच्या पेट्या याच वाटेने मोठ्या शहरांकडे जाऊ शकतात. फिरत्या छायाचित्र प्रदर्शनाची कुळकथा सांगताना मला या गावापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण ज्याची चित्रे जगभर फिरायला हवी होती आणि जिथे फिरती चित्रे यायला हवी होती, असे हे गाव दोन्ही बाबतींत मागे राहिले.

प्रदर्शन फिरवायचे तर आधी चित्राची प्रत निघायला हवी. सगळी कुळकथा या एका गोष्टीवर उभी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेला दागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. त्यावरचे चित्र विलक्षण रेखीव, पण ते एकच. त्याची प्रत काढता येत नसे, बोट लागले की चित्र पुसले जाई, आणि पत्रा तिरका धरल्याशिवाय ते नीट दिसतही नसे. अशी वस्तू घरात मखमलीच्या डबीत ठेवायची. गावोगाव नेऊन भिंतीवर लावायची ही वस्तू नव्हे. इंग्लंडात हेन्री फॉक्स टॅलबटने कागदावरची निगेटिव्ह शोधली होती आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघत. पण १८४१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंग्लंडात ही पद्धत वापरायची तर त्याची परवानगी लागे, म्हणून बरीच वर्षे तिथे छायाचित्रकारांची उघड संस्था निघू शकली नाही.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरची ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. या माणसाचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. पुढची तीस वर्षे जगभर निघालेल्या चित्रांपैकी बहुतेक त्याच्या पद्धतीने निघाली, आणि तो स्वतः १८५७ साली गरिबीत वारला. १८५२च्या ऑगस्टमध्ये टॅलबटने धंदेवाईक व्यक्तिचित्रे सोडून बाकीच्या कामावरचा आपला हक्क सोडला. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये फक्त छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात सातशेहून अधिक चित्रे होती. पुढच्याच महिन्यात, २० जानेवारी १८५३ रोजी, लंडनची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तीच आजची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी. रॉजर फेंटन तिचा पहिला सचिव झाला.

त्या डिसेंबरातल्या प्रदर्शनाला इतकी गर्दी झाली, की सोसायटी ऑफ आर्ट्सने चित्रांचा निवडक संच इंग्लंडातल्या लहान गावांकडे पाठवला. कारागिरांसाठी काढलेल्या शिक्षणसंस्थांच्या सभागृहांत आणि वाचनालयांत तो आळीपाळीने लागला. छायाचित्रकारांची संस्था आणि छायाचित्रांचे फिरते प्रदर्शन ही दोन्ही अशी एकाच हंगामातली आहेत. त्यातली दुसरी गोष्ट शोभेसाठी निघाली नव्हती. लंडनला येणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापर्यंत चित्र न्यायचे हा तिचा हेतू होता. आजच्या संस्थांनी तो हेतू विसरू नये.

मुंबईने फार वाट पाहिली नाही. ३ ऑक्टोबर १८५४ रोजी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे मासिक निघू लागले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईतल्या पहिल्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक झाले. सभेच्या मंडळावर डॉ. नारायण दाजी होते. हे भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू, स्वतः वैद्य आणि हौशी छायाचित्रकार. १८५७ साली कलकत्त्याच्या सभेने भरवलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. तेव्हा दोन्ही शहरांत सलग रेल्वे नव्हती. मुंबईच्या एका मराठी माणसाची चित्रे देशाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर लागली, ही आपल्या फिरत्या प्रदर्शनाच्या इतिहासातली मानाची जागा आहे, आणि ती मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी.

त्याच वर्षी कलकत्त्यात एक कटू प्रकरण घडले. तिथल्या सभेचे पदाधिकारी राजेंद्रलाल मित्र यांनी एका जाहीर भाषणात निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर टीका केली, म्हणून त्यांना सभेतून काढून टाकण्यात आले. कॅमेरा कुणाच्या हातात असावा आणि भिंतीवर काय लागावे, हा वाद या संस्थांच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे.

कंपनी सरकारला कॅमेऱ्याचा वेगळा उपयोग दिसला. जुन्या इमारतींची नोंद करायला चित्रकार ठेवायचे तर वेळ आणि पैसा फार जाई. म्हणून १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळ इथल्या इमारतींची छायाचित्रे काढण्यासाठी नेमले. बऱ्हाणपूरच्या जवळचा माणूस मात्र मेजर रॉबर्ट गिल. मराठी माणूस त्याला पारो या स्थानिक तरुणीशी जोडलेल्या प्रेमकथेमुळे ओळखतो. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रती करत होता. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहण्यासाठी लावल्या, आणि १८६६च्या डिसेंबरातल्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. वीसेक वर्षांची मेहनत एका झटक्यात गेली. पण १८५६च्या सुमारास गिलने कॅमेरा हाती घेतला होता. त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघाली होती. पुस्तकांच्या प्रती वेगवेगळ्या हातांत पोचलेल्या, म्हणून ती चित्रे टिकली. एकुलते एक चित्र परगावी पाठवण्यातला धोका आणि प्रतींची ताकद, दोन्ही या एकाच माणसाच्या कामात दिसतात. गिल १८७९ साली भुसावळजवळ वारला आणि त्याची कबर भुसावळलाच आहे. बऱ्हाणपूरहून रेल्वेने भुसावळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर.

आता बऱ्हाणपूरकडे वळू. फारुकी सुलतानांनी वसवलेले हे गाव खानदेशची राजधानी होते. खुलदाबादला ज्यांची समाधी आहे, त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून गावाचे नाव पडले. इथल्या जामा मशिदीत फारसी-अरबी लेखांसोबत एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात विक्रम संवत १६४६ चा काळ पंचांगाच्या तपशिलांसह दिला आहे आणि बांधणाऱ्या फारुकी घराण्याची वंशावळही आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृतात कोरलेली सुलतानांची वंशावळ फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. तिचे एक चांगले, तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र शाळाशाळांतून फिरवले, तर या मुलखाच्या इतिहासाबद्दल पुष्कळ काही आपोआप कळेल.

शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना त्याचा मुक्काम बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात होता. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथेच वारली. तापीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबादच्या बागेत तिला पुरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे अवशेष आग्र्याला नेले. पुढे आग्र्याला काय उभे राहिले ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. आग्र्यात डॉ. जॉन मरे नावाचा कंपनीचा डॉक्टर होता. त्याने ताजमहालाची मोठ्या आकाराच्या कागदी निगेटिव्हवर चित्रे घेतली. ती १८५७ मध्ये लंडनला प्रदर्शनात लागली आणि लगेच पुढच्या वर्षी छापून विकली गेली. तेव्हापासून ताजचे चित्र फिरायचे थांबलेले नाही. पोस्टकार्ड, स्टिरिओ कार्ड, कॅलेंडर, बिस्किटाचा डबा, काहीच सुटले नाही. ज्या बागेत ती राणी आधी विसावली, तिथला आहुखाना मात्र बऱ्हाणपूरबाहेरच्या किती लोकांनी चित्रात तरी पाहिला असेल? दोन्ही जागा एकाच मृत्यूच्या साक्षीदार. एक छायाचित्रकारांच्या वाटेवर होती, दुसरी नव्हती. गावाची आठवण देशाच्या मनात राहते की नाही, हे दगडाइतकेच चित्राच्या प्रवासावरही ठरते असे माझे ठाम मत आहे.

बऱ्हाणपूर मागे राहण्याचे दुसरे कारण सरकारी सीमांचे. इंदूरला राहणाऱ्या लाला दीनदयाळ यांनी सर लेपेल ग्रिफिन यांच्यासाठी मध्य भारतातल्या वास्तूंची उत्कृष्ट चित्रे काढली. ग्रिफिन यांचे त्यावरचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले. ग्रिफिन यांचा कारभार संस्थानांच्या मध्य भारत एजन्सीचा. १८६०च्या सुमारास शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलेले बऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. खानदेश मुंबई इलाख्यात, बऱ्हाणपूर मध्य प्रांतात, शेजारचे इंदूर होळकरांकडे. तीन कारभारांच्या सांध्यावरचे गाव कोणत्याच संग्रहाला पूर्णपणे आपले वाटले नाही. आजही मुंबई-पुण्याच्या छायाचित्रकाराला ते मध्य प्रदेशातले वाटते आणि भोपाळच्या माणसाला महाराष्ट्राच्या कडेचे.

तिसरे कारण मात्र तांत्रिक आहे. बऱ्हाणपूरची सर्वांत मोठी निर्मिती जमिनीखाली आहे. १६१५च्या सुमारास अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना तबकुतुल अर्झ या जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारातून गावाकडे आणण्याची योजना आखली. तोच कुंडी भंडारा. वर शंभराहून अधिक कुंड्यांची म्हणजे विहिरींची रांग आहे, खाली त्यांना जोडणारे भुयार आहे आणि पाणी केवळ उताराने वाहते. सुमारे ८० फूट खाली उतरल्यावर चुनखडीच्या थरांनी पांढऱ्या झालेल्या भिंती दिसतात. ओल्या कलोडियनच्या काळात तिथे चित्र घ्यायचे म्हणजे महाकठीण काम. काच ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवायला हवे आणि उजेड तर औषधालाही नाही. १८६१ मध्ये नादारने पॅरिसच्या भुयारी दफनभूमीत विजेच्या दिव्यावर चित्रे घेतली, तेव्हा एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागला. इतका वेळ कोण निश्चल उभे राहणार, म्हणून त्याने माणसांच्या जागी पुतळे उभे केले. आज ट्रायपॉड आणि दोन चांगले टॉर्च एवढ्यावर ते काम होते. मार्च २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत गेला. त्याच्या चित्रांचा एक नीट संच तयार करून देशभर फिरवण्याची हीच वेळ आहे.

मधल्या काळात फिरत्या प्रदर्शनाने आणखी एक रूप घेतले. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९३७ साली स्थापन झाली. देशभरच्या क्लबांचा महासंघ असलेली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ साली. त्यांच्यामुळे सलोनची, म्हणजे स्पर्धेतून निवडलेल्या चित्रांच्या प्रदर्शनाची, चाल लहान शहरांत रुजली. छायाचित्रकार एका विभागासाठी चार प्रिंट काढतो, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बांधतो आणि पोस्टाने पाठवतो. परीक्षक निवडतात, प्रिंट भिंतीवर लागतात आणि परत येतात. प्रत्येक सलोनची चिठ्ठी प्रिंटच्या पाठीवर चिकटलेली असते, म्हणून जुन्या प्रिंटची पाठ त्याच्या पुढच्या बाजूइतकीच वाचनीय असते. इथे चित्र फिरते आणि चित्रकार घरी असतो. लहान गावातल्या माणसाला यामुळे बरोबरीची जागा मिळाली, कारण परीक्षकापुढे प्रिंट येतो तेव्हा त्यावर नाव नसते. आता बहुतेक विभागांत फाइल संगणकावरून जाते. पाठवणे स्वस्त झाले, पण भिंतीवरचे चित्र आणि त्यापुढे उभा असलेला माणूस ही भेट त्यात कमी झाली. ती भेट फिरते प्रदर्शनच घडवू शकते. १९५६ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनचे ‘फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मुंबईपासून सुरू होऊन देशातल्या काही मोठ्या शहरांत फिरले. त्याही दौऱ्यात लहान जिल्ह्यांची गावे नव्हती.

२०२८ मध्ये फेडरेशनला ७५ वर्षे होतील आणि २०२९ मध्ये मुंबईच्या पहिल्या सभेच्या स्थापनेला १७५. दोन्ही वर्धापनांना प्रदर्शने निघतीलच. माझी विनंती अशी, की त्यांच्या दौऱ्याच्या यादीत जळगाव, भुसावळ, रावेर आणि बऱ्हाणपूर ही नावे असावीत. चित्रे शाळेच्या सभागृहात लावली तरी चालतील. बऱ्हाणपूरच्या मुक्कामात अर्धी भिंत गावासाठी मोकळी ठेवावी. तिथे आहुखाना, संस्कृत शिलालेख, कुंडी भंडाऱ्याचे भुयार, आणि गावातल्या घराघरांतले जुने स्टुडिओतले फोटो लागावेत. ज्यांच्याकडे असे फोटो आहेत, त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कोरड्या कागदात ठेवावेत, मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहावे, आणि जवळच्या कॅमेरा क्लबला दाखवावेत. ते मूळ चित्र कुणालाही देऊ नये, प्रत मात्र जरूर द्यावी.