असत्य, कर्ज आणि नांगरट : प्राचीन इराण्यांची नीतिमूल्ये

प्राचीन इराण्यांच्या नीतीत सगळ्यात मोठे पाप खोटेपणाचे. चोरी, हिंसा, कृतघ्नता ही पापे होतीच. पण ती सारी त्या एका मुळाच्या फांद्या मानली जात. जगाला धरून ठेवणारी, ऋतूंपासून न्यायापर्यंत सगळ्याला लागू पडणारी जी व्यवस्था, तिला अवेस्ता या धर्मग्रंथात अश म्हटले आहे. वेदांतले ऋत ते हेच. तिच्या विरोधात उभे असते द्रुज, म्हणजे असत्य. माणूस खोटे बोलतो तेव्हा तो समोरच्या एकट्यालाच फसवत नाही, तर अख्ख्या सृष्टीच्या घडीला सुरकुती पाडतो, अशी ही कल्पना होती. म्हणूनच खरे बोलणे ही तिथे खासगी सज्जनपणाची बाब राहिली नाही; ते कर्तव्य शेतकऱ्याचे होते तसेच सम्राटाचेही.

या विचाराचा सर्वांत जुना पुरावा अवेस्तातल्या गाथांमध्ये, म्हणजे या धर्माचा संस्थापक झरथुष्ट्र याच्या स्तोत्रांमध्ये आहे. त्यांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेला इतकी जवळची आहे, की त्यावरून अनेक अभ्यासक झरथुष्ट्राचा काळ इसवी सनापूर्वी 1500 ते 1000 च्या दरम्यान ठेवतात. अश आणि द्रुज यांतून निवड ज्याची त्याने करायची आहे, असे गाथा सांगतात. देवाने ठरवले, नशिबात लिहिले, ही सबब तिथे चालत नाही. सद्विचार, सद्वचन आणि सत्कर्म ही प्रसिद्ध त्रयी याच निवडीचा व्यवहारातला तपशील आहे. मृत्यूनंतर चिन्वत पुलावर कर्मे तराजूत घातली जातात आणि माणसाचा स्वतःचाच धर्मभाव सुंदर युवतीच्या किंवा कुरूप स्त्रीच्या रूपाने समोर येतो. माणसाला भेटायला येते ती त्याचीच करणी.

श्रद्धा स्वीकारताना म्हणावयाच्या प्रतिज्ञेत (अवेस्तातल्या यस्न या भागाचा बारावा अध्याय) एक लक्षवेधी गोष्ट आहे. गुरे पळवणार नाही, वस्त्या लुटणार नाही आणि उद्ध्वस्त करणार नाही, अशी शपथ त्यात घ्यावी लागते. गुराढोरांवर जगणाऱ्या आणि टोळ्यांच्या धाडींना कंटाळलेल्या समाजाची नीती त्यातून दिसते.

इराण्यांच्या या गुणांची साक्ष त्यांच्या शत्रूंनीही दिली आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने लिहून ठेवले, की पर्शियन लोक पाच ते वीस वर्षे वयापर्यंत मुलांना तीनच गोष्टी शिकवतात : घोड्यावर बसणे, बाण मारणे आणि खरे बोलणे. नदीत ते घाण करत नाहीत. यज्ञ करणारा एकट्या स्वतःसाठी काही मागत नाही, राजाचे आणि सगळ्या पर्शियनांचे भले मागतो. एकाच अपराधासाठी राजासुद्धा कोणाला ठार करत नाही. आधी त्या माणसाची सेवा आणि त्याचे अपराध यांची तुलना होते. हिरॉडोटस ज्या ग्रीकांसाठी लिहीत होता त्यांनी पर्शियन सैन्य आपल्या भूमीवर पाहिले होते, तेव्हा ही निव्वळ खुशामत असण्याचे कारण नाही. ग्रीक लेखक झेनोफनचा पर्शियन सम्राट सायरसवरचा ग्रंथ मात्र जपून वाचावा लागतो. पर्शियन मुले शाळेत न्याय शिकायला जात आणि कृतघ्न मुलाला तिथे शिक्षा होई, असे तो सांगतो. पण तो ग्रंथ आदर्श राजाचे चित्र रंगवण्यासाठी रचलेला आहे.

हिरॉडोटसचे आणखी एक निरीक्षण सहज वाचून सोडून दिले जाते. खोट्याखालोखाल लाजिरवाणी गोष्ट म्हणजे कर्ज, असे पर्शियन मानत, कारण कर्जदाराला खोटे बोलावेच लागते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भीमा आणि सीना यांच्यामधल्या कर्जत तालुक्यात, या विधानाची दुसरी बाजू दिसते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि त्याचे लोण नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पोहोचले. जमावाचे लक्ष सावकाराच्या जिवावर कमी आणि त्याच्या दप्तरातल्या कर्जरोख्यांवर जास्त होते. रोखे हाती आले की जाळले जात. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचा दावा तीन वर्षांत करावा लागे. हा कायदा कुणब्याच्या संरक्षणासाठी होता, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेई आणि निरक्षर कुणबी न वाचलेल्या कागदावर निशाणी करी. इथे खोटे बोलण्याची सोय कर्ज घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याकडे अधिक होती. हिरॉडोटसच्या पर्शियनांनी हे धरले नव्हते. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याला मात्र ते धरावे लागले.

करार पाळण्याविषयी अवेस्ता जितकी काटेकोर आहे तितकी फार थोड्या गोष्टींविषयी आहे. वेंदिदाद या भागाच्या चौथ्या प्रकरणात करारांचे सहा प्रकार चढत्या क्रमाने दिले आहेत : शब्दाचा, हातावर हात देऊन केलेला, मेंढराच्या किमतीचा, बैलाच्या किमतीचा, माणसाच्या किमतीचा आणि शेताच्या किमतीचा. प्रकार जितका वरचा तितकी तो मोडल्याची शिक्षा कडक, आणि तिची झळ नातलगांनाही पोहोचते. करारांचा रक्षक मिथ्र. वैदिक मित्राचा हा सख्खा भाऊ. त्याच्या स्तोत्रात करार असत्याच्या अनुयायाशी केलेला असला तरी पाळावा, अशी आज्ञा आहे. दुष्टाला दिलेला शब्द मोडायला हरकत नाही ही पळवाट बहुतेक समाजांनी कधी ना कधी वापरली आहे. या स्तोत्राने ती बंद केली.

सद्गुणांच्या या यादीत शेतीला जे स्थान आहे ते भारतीय वाचकाला नवे वाटेल. वेंदिदादच्या तिसऱ्या प्रकरणात धान्य पेरणारा अश पेरतो असे मानले आहे. जी जमीन दीर्घकाळ पडीक राहते ती दुःखी, आणि कोरड्या जमिनीला पाणी देणे, पाणथळ जमिनीचे पाणी काढून देणे ही पुण्यकर्मे आहेत. उपासतापासाला मात्र तिथे मान नाही. जो खात नाही त्याच्या अंगी ना धर्मकार्याचे बळ, ना शेत कसण्याचे, असा साधा हिशेब त्यात मांडला आहे. संसारी माणूस संन्याशापेक्षा वरचा ठरतो. मेंढपाळाच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे, आणि ‘यथा अहू वइर्यो’ या अत्यंत पवित्र प्रार्थनेचा शेवट गरिबांच्या पाठीराख्यापाशी होतो. पारशी दानधर्माचे मूळ अनेकदा व्यापारी सुबत्तेत शोधले जाते; पण ही प्रार्थना त्या सुबत्तेपेक्षा खूप जुनी आहे.

राजाच्या सद्गुणांचा आरसा म्हणजे पर्शियन सम्राट दरायसचे शिलालेख. इसवी सनापूर्वी 520 च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर त्याने तीन भाषांत आपली कहाणी कोरवली. तीत प्रत्येक बंडखोराचा मुख्य अपराध एकच : तो खोटे बोलला. नक्श-ए-रुस्तम येथील कबरीवर दरायस सांगतो, की बलवानाने दुबळ्याचे वाईट करू नये आणि दुबळ्यानेही बलवानाचे करू नये, अशी आपली इच्छा आहे. आपण आपल्या रागावर मनाचा ताबा ठेवतो, आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेली तक्रार पुराव्याशिवाय खरी मानत नाही. पर्सेपोलिसच्या एका लेखात देशाचे रक्षण तीन संकटांपासून व्हावे अशी प्रार्थना आहे : शत्रूचे सैन्य, दुष्काळ आणि असत्य. कर्जतसारख्या पर्जन्यछायेतल्या आणि 1876-77 चा दुष्काळ सोसलेल्या प्रदेशाला यातले मधले संकट समजावून सांगावे लागत नाही. शिलालेख मात्र राजाने स्वतःविषयी लिहवून घेतलेले असतात. बेहिस्तूनच्या लेखात दरायस ज्याला तोतया म्हणून मारतो तो खरोखरचा राजपुत्रच असावा, अशी शंका अनेक इतिहासकारांना आहे. असत्य हे सर्वांत मोठे पाप ठरले की प्रतिस्पर्ध्याला असत्यवादी ठरवणे हे सत्तेचे उत्तम हत्यारही होते. 1879 मध्ये बॅबिलोनला सापडलेल्या सायरसच्या मातीच्या दंडगोलाला मानवी हक्कांची पहिली सनद म्हणण्याचा उत्साहही असाच आवरता घ्यावा लागतो. तशा घोषणा मेसोपोटेमियाच्या राजांच्या परिपाठातल्याच होत्या.

सातव्या शतकात सासानी साम्राज्य अरबांपुढे कोसळले आणि पुढच्या काही शतकांत इराणी स्थलांतरित भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. महाराष्ट्रातला त्यांचा ठळक पुरावा मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत आहे. तिथल्या एका बौद्ध लेण्यात इसवी सन 1009 आणि 1021 मधले पहलवी लेख कोरले आहेत. देवाचे नाव, तारीख आणि लेणे पाहायला आलेल्यांची नावे, एवढाच त्यांचा मजकूर. नवजोत हा दीक्षाविधी झालेल्या पारशी मुलाच्या अंगावर आजही सुदरेह नावाचा पांढरा सदरा आणि कमरेला कुस्ती नावाचा 72 धाग्यांचा लोकरी गोफ असतो. सुदरेहच्या गळ्याशी असलेला छोटा खिसा सत्कर्मे साठवण्यासाठी आहे, असे मुलाला सांगतात.

एकोणिसाव्या शतकात या नीतीची फेरतपासणी झाली आणि तिचे एक केंद्र पुणे होते. मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांनी 1843 मध्ये पारशी धर्मावर टीकेचा ग्रंथ लिहिल्यावर समाज खडबडून जागा झाला. 1859 मध्ये मार्टिन हाउग हा जर्मन पंडित पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृतचा प्राध्यापक झाला. गाथा तेवढ्या झरथुष्ट्राच्या, बाकीचे कर्मकांड नंतरचे, हा भेद त्याने ठामपणे मांडला. सुधारकांना आयते बळ मिळाले. त्यांचे संघटन आधीच सुरू झाले होते : 1851 मध्ये दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रहनुमाए माझदयस्नान सभा स्थापली, आणि दादाभाईंनी काढलेल्या वृत्तपत्राचे नावच सत्यवक्ता या अर्थाचे, ‘रास्त गोफ्तार’, ठेवले.

नीती आणि धंदा यांचे भांडणही याच काळातले. जमशेटजी जीजीभाई (1783-1859) यांच्या संपत्तीचा मोठा वाटा चीनशी होणाऱ्या व्यापारातून, त्यातही अफूतून आला होता. त्याच संपत्तीतून 1845 मध्ये रुग्णालय उभे राहिले, आणि त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1 लाख 57 हजार रुपये देऊन माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता बांधवला. अट एकच : त्यावर पथकर घेऊ नये. दादाभाई 1855 मध्ये लंडनला कामा कंपनीत गेले, पण अफू आणि दारूच्या नफ्यात वाटा घेणे पटेना म्हणून थोड्याच वर्षांत बाहेर पडले. झरथुष्ट्री नीतीच्या दृष्टीने दादाभाईंची बाजू निर्विवाद वरचढ आहे, कारण त्या नीतीत वाईट मार्गाने आलेले धन दानाने धुऊन निघत नाही. माहीमच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना मात्र याने काही फरक पडला नाही.

इराणात मागे राहिलेल्या झरथुष्ट्री लोकांची स्थिती याच शतकात हलाखीची होती. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये मानेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे धाडले आणि दीर्घ प्रयत्नांनी 1882 मध्ये जिझिया रद्द झाला. यझ्द आणि केरमान भागातून निघालेले हे लोक महाराष्ट्रात ‘इराणी’ म्हणून ओळखले जाऊ लागले, चहाची दुकाने चालवू लागले. अशाच एका कुटुंबात 25 फेब्रुवारी 1894 रोजी पुण्यात मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म झाला, तेच मेहेरबाबा. 1923 पासून त्यांनी नगरच्या दक्षिणेला, दौंडच्या वाटेवरच्या अरणगावाजवळ मेहेराबाद वसवले. तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांनाही घेणारी शाळा आणि मोफत दवाखाना चालला. 10 जुलै 1925 रोजी त्यांनी मौन स्वीकारले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत ते पाळले. त्यांची शिकवण झरथुष्ट्री नव्हे. तिच्यात सूफी आणि वेदान्ती धागे अधिक आहेत, आणि सद्वचनाला धर्माचा खांब मानणाऱ्या परंपरेत मौनव्रत उपरेच ठरावे. टेकडीवरच्या त्यांच्या समाधीवर मंदिर, मशीद आणि क्रूस यांच्या जोडीला अग्निपात्राचे चिन्ह आहे, आणि दर महिन्याच्या 12 तारखेला मेहेराबादला धुनी पेटते.