लंडनची काजळी आणि मत्स्यपात्राचे झाकण

इ. स. १८४९. लंडनमध्ये घरोघरी दगडी कोळसा जळत होता आणि खिडकी उघडताच वाऱ्याबरोबर काजळीही आत येत असे. अशा शहरात रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी सुमारे १२ गॅलनांचे, म्हणजे साधारण ५४ लिटरांचे, काचेचे पात्र मांडले. तळाशी वाळू, चिखल व दगड. त्यांत रोवलेली व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि पाण्यात दोन लहान गोल्डफिश. पाणी न बदलता वनस्पती आणि प्राणी एकमेकांच्या आधाराने जगू शकतात का, हे त्यांना पडताळायचे होते.

पहिला पेच झाकणाचा होता. पात्र उघडे ठेवावे तर काजळी पाण्यात पडणार. घट्ट मिटावे तर मासे गुदमरणार.

घट्ट मिटलेल्या काचेचे एक यशस्वी उदाहरण त्याच शहरात होते. डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीत नेचे आपोआप उगवलेले दिसले आणि त्यातूनच ‘वॉर्डियन पेटी’ जन्मली. चीनमधील चहाची रोपे भारतात आणण्यासाठी रॉबर्ट फॉर्च्यून यांनी याच पेट्या वापरल्या. परंतु रोपाला जे मानवते ते माशाला मानवेलच असे नाही. रात्री प्रकाश नसताना पाणवनस्पती प्राणवायू देत तर नाहीच, उलट स्वतःही तो वापरते. अशा वेळी पाण्याच्या पृष्ठभागातून विरघळणारी हवा हाच माशांचा मोठा आधार असतो.

म्हणून वॉरिंग्टन यांनी तांब्याची जाड तार वर्तुळाकार वाकवली, तिच्यावर तलम मलमल ताणली आणि ती पात्राच्या तोंडावर ठेवली. काजळी बरीचशी वरच अडली, हवा मात्र खेळती राहिली. इतका साधा उपाय, पण मोठा समंजस! आजचा मत्स्यपालक तांब्याच्या नावाने दचकेल हे खरे. पाण्यात उतरलेले तांबे गोगलगायींना अल्प प्रमाणातही घातक असते. आणि हा प्रयोग अखेर तारला तो गोगलगायींनीच! पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा पात्रात सोडलेल्या पाणगोगलगायींनी ती कुजकी पाने खाऊन पाणी पुन्हा निर्मळ केले. सुदैवाने ती तार पाण्याच्या वर होती.

पुढे फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ‘द अक्वेरियम’ या ग्रंथाने सागरी जीव पाळण्याचे वेड इंग्लंडभर पसरवले. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्येच उठला होता. त्यामुळे काचेची टाकी मध्यमवर्गीय दिवाणखान्याच्या आवाक्यात आली. येथे मात्र मलमल अपुरी पडे. समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा केवळ गोडे पाणी उडते, मीठ मागेच राहते. पाणी दिवसेंदिवस खारट होत जाते आणि आतले नाजूक समुद्रपुष्प मरते. त्यावर काचेचे झाकण उपयोगी पडे: वाफ काचेला लागून थेंबांच्या रूपाने परत टाकीत पडते. फक्त ते काठावर घट्ट न टेकवता बाजूला थोडी फट ठेवणे आवश्यक. त्या फटीतून जेवढे पाणी उडून जाई, तेवढे भरून काढण्यासाठी पातळीची खूण पाहून गोडे पाणी घालावे लागे, समुद्राचे नव्हे.