आधी कारखाना, मग घर : पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या स्वस्त घरांची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण या पट्ट्यातल्या कारखान्यांबद्दल बोललो. त्यानंतर श्रोत्यांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. कारखान्यांचा इतिहास ऐकला, पण त्यात काम करणारी माणसं राहत कुठे होती? आणि कमी पैशात, किंवा अजिबात पैसे नसताना, त्यांनी घर मिळवलं कसं? आज आपण तेवढंच बघू.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. जुने कागद चाळताना आणि जुन्या माणसांशी बोलताना आम्हाला एकही घर खऱ्या अर्थानं फुकट मिळालेलं दिसलं नाही. दर वेळी किंमत कुणीतरी मोजलेली होती. कधी शेतकऱ्यानं जमिनीच्या रूपानं, कधी कामगारानं स्वतःच्या अंगमेहनतीनं, तर कधी रात्रीच्या झोपेनं. त्यामुळे आज प्रत्येक वाटेपाशी थांबून आपण एकच विचारणार आहोत : इथे किंमत कुणी मोजली?

पहिली वाट, निर्वासितांची. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं पिंपरीला छावणीत उतरली. तेव्हा पिंपरी म्हणजे गाव, भोवताली शेतं आणि जवळून जाणारी रेल्वे. आजही लोक बाजाराला जाताना ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतात, तो हा कॅम्प. सरकारनं डोक्यावर छप्पर दिलं हे खरं. पण हे लोक मागे आपली घरं, दुकानं, जमिनी टाकून आले होते. त्यांच्या ‘फुकट’ घराची किंमत सिंधमध्येच मोजून झाली होती.

दुसरी वाट, कंपनीच्या क्वार्टरची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. देशातला सरकारी क्षेत्रातला हा पहिला औषध कारखाना. त्याच्याबरोबर कॉलनीही आली : घरं, शाळा, मैदान, झाडं. आमच्यापैकी काही जणांचे मित्र तिथे राहायचे आणि आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा, हे मान्य करायला हरकत नाही. आकुर्डीला बजाजचीही वसाहत होती. राहुल बजाज स्वतः अनेक वर्षं कारखान्याच्या आवारातच राहत होते.

क्वार्टर जवळजवळ फुकटात पडायची, पण ती नोकरीला बांधलेली असायची. निवृत्तीचा दिवस आला की घर सोडण्याचा दिवसही आला. तीस वर्षं सरकारी भिंतींना रंग लावला आणि साठीत भाड्याची खोली शोधायला निघाले, अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. आणि कंपनीच आजारी पडली तर? हिंदुस्तान अँटिबायोटिक्सवर नंतर ती वेळ आली, तेव्हा कॉलनीनंही ते दिवस बघितले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या शिवारात प्लॉट पडले. १९६६ मध्ये टेल्को आली. बघा, एमआयडीसीनं प्लॉट पाडताना रस्ता, पाणी, वीज, सांडपाणी या सगळ्याचा विचार केला. यंत्राला काय लागतं ते कागदावर होतं. यंत्र चालवणाऱ्याला रात्री कुठे झोपायचं आहे, हा मुद्दा मात्र त्या नकाशात जवळपास नव्हता. मराठवाडा, सोलापूर, नगर, सातारा, पुढे विदर्भ, खानदेशातून पोरं येत राहिली. १९७० साली चार गावं मिळून नगरपालिका झाली. १९७२ साली सरकारनं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन केलं. निगडीचा माणूस आजही नुसतं ‘प्राधिकरणात राहतो’ म्हणतो, ते हेच.

प्राधिकरणाची कल्पना चांगली होती. आधी जमीन एकत्र ताब्यात घ्यायची, तिचे सेक्टर पाडायचे, आणि मग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं लहान-मोठे प्लॉट व घरं कामगार, कारकून, शिक्षक यांना परवडेल अशा भावात द्यायची. ज्यांना त्या काळात तिथे घर मिळालं त्यांची पुढची पिढी स्थिर झाली. स्वस्त घराची ही सगळ्यात यशस्वी वाट, असं आम्ही म्हणू.

पण किंमत कुणी मोजली? ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनी. मोबदला तेव्हाच्या भावानं मिळाला आणि शहर वाढल्यावर भाव कुठल्या कुठे गेले. विकसित जमिनीतली साडेबारा टक्के परत देण्याचं धोरण आलं, पण १९७२ ते १९८३ या काळात जमिनी गेलेल्यांचा परतावा दशकानुदशकं रेंगाळला. अर्ज करणारे आजोबा गेले, मग त्यांचा मुलगा खेपा घालत राहिला, मग नातू. २०२१ साली प्राधिकरणच विलीन झालं. त्याची कामं पीएमआरडीए आणि महापालिका यांच्यात वाटली गेली, आणि ती फाईलही त्यांच्याबरोबर पुढे सरकली.

दुसरी अडचण वेळेची होती. कारखाने आधी आले, प्राधिकरण दहा वर्षांनी आलं, आणि घरं तर त्याहून उशिरा. मधल्या काळात आलेली माणसं थांबणार कुठे? ती ओढ्याकाठी, रेल्वेलगत, मोकळ्या सरकारी जागेवर राहिली. झोपडपट्टी ही नियोजनाच्या उशिरातून तयार झाली, हे आपण विसरतो आणि दोष झोपडीवाल्याला देतो.

इथे निगडीच्या एका वस्तीचं नाव घ्यायला हवं : ओटा स्कीम. रिक्षावालाही हेच नाव सांगतो, पण त्याचा अर्थ किती जणांना माहीत आहे? सत्तरच्या दशकात जगभर एक विचार पुढे आला होता. सरकारला सगळ्यांसाठी पूर्ण घर बांधणं झेपत नाही, मग जागा, पाणी, संडास आणि पाया एवढंच द्यावं. भिंती आणि छत माणूस आपल्या ऐपतीप्रमाणे उभारेल. जागतिक बँकेनं असा पहिला प्रकल्प १९७२ मध्ये आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये हाती घेतला, आणि ऐंशीच्या दशकात मुंबईत चारकोपला तो आला. आपल्याकडे त्याचं नाव पडलं ओटा, कारण मिळायचा तो ओटाच.

आधी चार पत्रे, पुढच्या वर्षी बोनस आला की विटांची भिंत, मुलीच्या लग्नाआधी फरशी, मुलगा कामाला लागल्यावर वरचा मजला. कर्ज नाही, हप्ता नाही. किंमत मोजली ती कुटुंबानं, रविवारच्या सुट्टीत, बायकांनी पाणी भरून आणि पोरांनी वाळू वाहून. अरुंद गल्ल्या, अंधाऱ्या खोल्या, मर्यादा भरपूर होत्या. पण पगाराच्या गतीनं वाढणारं घर ही कल्पना त्या पगाराला शोभणारी होती.

यानंतर आली गुंठेवारी. शहराची लोकसंख्या १९९१ साली पाच लाखांच्या वर होती, २००१ ला दहा लाखांच्या आणि २०११ ला सतरा लाखांच्या वर गेली. एवढ्या माणसांना प्राधिकरणाचे प्लॉट पुरणं शक्यच नव्हतं. मग शेतकऱ्यानं, किंवा मधल्या एजंटानं, शेत तुकड्या-तुकड्यानं विकायला काढलं. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. कामगाराची झेप बहुतेक वेळा अर्ध्या गुंठ्याची. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून होता, त्यामुळे एवढ्याशा तुकड्याचं रीतसर खरेदीखत होत नव्हतं. व्यवहार व्हायचा नोटरीवर, शंभराच्या स्टॅम्पवर, आणि मुख्य म्हणजे विश्वासावर. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहायचं.

सुट्टीच्या दिवशी गावाकडचा गवंडी आणून बांधलेली ही घरं. आयुष्याची कमाई, फंडातून काढलेले पैसे, बायकोच्या पाटल्या, सगळं त्यात. सरकारनं २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, पण शुल्क, कागद आणि आरक्षणं यांत बरीच घरं अडकून राहिली. त्यातच महापालिकेकडून अनधिकृत बांधकामांना शास्तीकर लागू झाला. तो घरपट्टीच्या दुपटीपर्यंत जायचा. म्हणजे जे घर स्वस्त म्हणून घेतलं, त्यावर दरवर्षी दंड. अनेक वर्षांची आंदोलनं, मोर्चे, निवडणुकीतली आश्वासनं झाल्यावर २०२३ मध्ये तो माफ झाला. स्वस्त जमिनीची किंमत इथे खरेदीच्या दिवशी दिसली नाही, पंधरा वर्षं हप्त्याहप्त्यानं वसूल झाली.

कधी ती एका दिवसातही वसूल होते. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. ते काही गरिबांचे नव्हते. पण धडा तोच आहे : जमीन विकणारा पैसे घेऊन गेलेला असतो, आणि नोटीस शेवटी राहणाऱ्याच्या दारावर लागते.

आता सरकारी योजना. झोपडीधारकाला पुनर्वसनात फुकट फ्लॅट मिळतो, त्याचा खर्च बिल्डर वाढीव एफएसआय आणि टीडीआर विकून काढतो. म्हणजे तो शेजारच्या महागड्या इमारतीतला ग्राहक भरतो. झोपडीधारकाकडून मागतात ते पुरावे. ठरावीक तारखेआधी तुम्ही इथे राहत होता हे वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादी यांवरून दाखवा. भाडेकरू म्हणून खोल्या बदलत राहिलेल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. शिवाय फ्लॅटमध्ये गेल्यावर लिफ्टचा, पंपाचा मेंटेनन्स सुरू होतो. काही कुटुंबांना तोच झेपत नाही.

महापालिकेनं जेएनएनयूआरएममधून दोन मोठी कामं काढली. निगडीच्या सेक्टर २२ मधलं झोपडपट्टी पुनर्वसन संरक्षण खात्याच्या रेड झोनच्या वादात सापडलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, काम थांबलं, आणि बांधलेल्या इमारती वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. चिखलीचं घरकुल मात्र वसलं. ‘दीड लाखात घर’ म्हणून ते लोकांच्या तोंडी बसलं होतं, प्रत्यक्षात लाभार्थ्याचा हिस्सा पुढे पावणेचार लाखांच्या घरात गेला. तरी बाजारापेक्षा ते स्वस्तच होतं.

त्यानंतर २०१५ ची पंतप्रधान आवास योजना आली. चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी, रावेतच्या घरांसाठी सोडत निघाली. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले लाभार्थ्यानं बँकेतून उभे करायचे. इथे चाकणच्या कंत्राटी पोराचं अडतं. पगार हातात येतो, पण पगाराची स्लिप दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या ठेकेदाराची. बँक विचारते, नोकरी पक्की आहे का? सोडतीत नंबर लागूनही घर हातचं जातं ते असं.

चाकणकडे आपण मुद्दाम शेवटी आलो. कांद्याच्या बाजाराचं हे गाव. नव्वदच्या दशकाअखेरीस बजाज आली, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतर. पन्नास वर्षांपूर्वी पिंपरीत जे झालं त्याचीच इथे पुनरावृत्ती दिसते : यंत्रांसाठी प्लॉट आखले, माणसांसाठी आखले नाहीत. फरक एवढाच की इथे प्राधिकरणही आलं नाही. म्हाळुंग्याला म्हाडाची घरं झाली, पण रोज येणाऱ्या माणसांच्या मानानं ती किती?

मग घराची सोय केली ती खराबवाडी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळीच्या शेतकऱ्यांनी. जमीन एमआयडीसीला गेली, उरलेल्या तुकड्यावर दहा बाय दहाच्या खोल्यांची चाळ. चौघं-पाच जण मिळून एक खोली घेतात. पहिल्या शिफ्टचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा होतो. ही आज या पट्ट्यातली सगळ्यात स्वस्त राहण्याची सोय, आणि हिची किंमत झोपेत मोजली जाते. चाळमालकाला नुसता खलनायक ठरवू नका. त्याची शेती गेली आहे, ते भाडं हीच त्याची पेन्शन आहे. दोघंही एकाच उणिवेच्या दोन टोकांना आहेत.

हे वेगळ्या तऱ्हेनं होऊ शकतं का? आपल्याच राज्यात सोलापूरला झालंय. विडी कामगार बायकांनी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था काढली. कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तिचा ताबा मिळाला. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगाराचा स्वतःचा वाटा, अशी ती मांडणी होती. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगरमधल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तिथेही वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. पण त्या बायकांनी एकेकटीनं जमीन शोधली नाही. आधी संघटित झाल्या, मग जमीन, मग घर. आपल्याकडे कामगार संघटनांनी बोनस, पगारवाढ, कायमस्वरूपी नोकरी यांसाठी मोठे लढे दिले. घराचा प्रश्न मात्र ज्यानं-त्यानं आपापल्या नोटरीवर सोडवला.

शेवटी, ऐकणाऱ्यांपैकी कुणी आत्ता स्वस्त घराच्या शोधात असेल तर या इतिहासातून चार प्रश्न घेऊन जा. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे? नोंदणीकृत खरेदीखत होणार आहे का? जागा पूररेषेत, रेड झोनमध्ये किंवा आरक्षणात येते का? आणि आज जे पैसे वाचताहेत ते उद्या कोण, कशाच्या रूपानं मागणार आहे? पहिल्या तिघांची उत्तरं तलाठी, दुय्यम निबंधक आणि नगररचना विभागाकडे मिळतात. चौथ्याचं उत्तर काढायला कॅम्प, ओटा स्कीम आणि चाकणच्या चाळीत राहिलेल्या माणसांशी बोलावं लागतं.

तुमच्या घरात अशी गोष्ट असेल, ओट्याची, गुंठ्याची, क्वार्टरची, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण याच पट्ट्यातल्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. पवना आणि इंद्रायणीकाठी वसलेल्या शहरात टँकर का लागतो, ते बघू.