निको डी अँजेलोची कबुली : पर्सी जॅक्सनच्या पुढच्या भागातल्या एका प्रसंगावर वाचक इतकी वर्षं का भांडतायत?

इन्स्टाग्रामवर पुस्तकांची रील्स बघत असाल तर 'सोलँजेलो' हा शब्द कधीतरी नजरेखालून गेला असेल. काळ्या कपड्यांतला, फिकट चेहऱ्याचा एक मुलगा आणि त्याच्या शेजारी सोनेरी केसांचा दुसरा. खाली हजारो कमेंट्स. एक म्हणतो, 'या दोघांनी मला वाचवलं', तर दुसरा म्हणतो, 'लेखकाने वाट लावली'.

ही जोडी आहे निको डी अँजेलो आणि विल सोलेस यांची. दोघंही रिक रायर्डनच्या पर्सी जॅक्सन विश्वातले. गंमत म्हणजे या जोडीवरून सगळ्यात जोरात भांडण झालं ते ती जमण्याच्या आधीच्या एका प्रसंगावरून, आणि ते आजही मिटलेलं नाही.

(पुढे पुस्तकांतले बरेच प्रसंग उघड होणार आहेत. वाचायची बाकी असतील तर इथेच थांबा.)

आधी थोडी ओळख

रायर्डन मूळचे शिक्षक. शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. मुलाला एडीएचडी आणि डिस्लेक्सिया होता. त्याला झोपताना सांगायला म्हणून त्यांनी एक गोष्ट रचली, ज्यात याच अडचणी असणारा मुलगा ग्रीक देवाचा पोरगा निघतो. तीच गोष्ट 2005 मध्ये 'द लाइटनिंग थीफ' म्हणून छापून आली. पाच पुस्तकांची पहिली मालिका 2009 मध्ये संपली. 2010 पासून तिचा पुढचा भाग सुरू झाला, तो म्हणजे 'हीरोज ऑफ ऑलिम्पस'.

निको येतो पहिल्या मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकात, 2007 च्या 'द टायटन्स कर्स'मध्ये. तेव्हा तो दहा वर्षांचा, बडबड्या, पत्त्यांच्या खेळाचं वेड असलेला. त्याची बहीण बियांका त्याच पुस्तकात मरते. तिला सांभाळीन असा शब्द पर्सीने दिलेला असतो आणि तो त्याला पाळता येत नाही. तिथून निको बदलतो. पाताळाचा देव हेडीस हा आपला बाप आहे हे कळल्यावर तर तो सगळ्यांपासून तुटतोच.

आता महत्त्वाचं. पहिली मालिका पर्सी स्वतः सांगतो. म्हणजे निकोच्या मनात काय चाललंय हे वाचकाला कधी दिसतच नाही. दिसतो तो फक्त पर्सीला टाळणारा, चिडलेला मुलगा. बहिणीच्या मृत्यूचा राग असेल, असं पर्सीला वाटतं. काही जण म्हणायचे, याला पर्सीची मैत्रीण अ‍ॅनाबेथ आवडत असणार. वाचकांनीही तेच धरलं.

2013 : क्रोएशियातला तो प्रसंग

8 ऑक्टोबर 2013 ला 'द हाऊस ऑफ हेडीस' आलं. त्यात निको आणि जेसन एका राजदंडाच्या शोधात क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात, रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्यात पोहोचतात. हा राजवाडा खराखुरा आहे आणि आजही उभा आहे. तिथे त्यांची गाठ पडते क्युपिडशी. व्हॅलेंटाइन कार्डावरचं गुबगुबीत बाळ डोक्यातून काढून टाका. रायर्डनचा क्युपिड क्रूर आहे. तो अदृश्य राहून दोघांवर हल्ला करतो आणि निकोला सांगतो की दंड हवा असेल तर मनातलं खरं बोल.

निको बोलतो. त्याचं प्रेम अ‍ॅनाबेथवर नव्हतं, पर्सीवर होतं.

मुलांच्या इतक्या लोकप्रिय मालिकेत, आधीपासून ओळखीचं असलेलं पात्र समलिंगी निघणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. वाचकांनी जुनी पुस्तकं पुन्हा उघडली, निकोचं प्रत्येक वाक्य नव्याने तपासलं. तो पर्सीला का टाळायचा, समोर आला की का अवघडायचा, हे आता वेगळंच दिसत होतं. त्यात निकोचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या इटलीतला. लास व्हेगासच्या एका जादूई हॉटेलात अडकल्यामुळे त्याचं वय वाढलेलं नाही. म्हणजे शरीर आजच्या पोराचं, पण संस्कार 1930 च्या दशकातले. त्याला स्वतःचीच लाज का वाटत होती, याचं उत्तर गोष्टीत आधीपासून होतं.

भांडण कशावरून?

पहिला आक्षेप अपेक्षितच होता. मुलांच्या पुस्तकात हे कशाला? काही पालकांनी नाराजी कळवली, काहींनी पुस्तकं बाजूला ठेवली. ग्रीक पुराणकथा वाचलेल्या माणसाला हा आक्षेप जरा विनोदी वाटेल. याच प्रसंगात पश्चिम वाऱ्याचा देव फेवोनियस भेटतो आणि तो हायसिंथस नावाच्या तरुणावरच्या आपल्या प्रेमाची गोष्ट सांगतो. ती रायर्डनने रचलेली नाही, हजारो वर्षं जुनी आहे.

दुसरा आक्षेप मात्र विचार करायला लावणारा आहे, कारण तो आला निकोवर जीव टाकणाऱ्या वाचकांकडून. त्यातले बरेच स्वतः एलजीबीटीक्यू होते. त्यांचं म्हणणं असं की आपण कोण आहोत हे कधी, कुठे आणि कुणाला सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. स्वतःहून सांगणं म्हणजे 'कमिंग आऊट'. दुसऱ्याने उघड करणं किंवा बोलायला भाग पाडणं म्हणजे 'आऊटिंग'. खऱ्या आयुष्यात आऊटिंगमुळे घर सुटतं, शाळा सुटते, मारहाण होते. इथे एक देव तेरा-चौदा वर्षांच्या पोराला कोंडीत पकडून त्याचं गुपित वदवून घेतो, तेही दुसऱ्या मुलाच्या देखत. शिवाय तो सगळा प्रसंग आपण जेसनच्या नजरेतून बघतो. निकोच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड क्षण, आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात.

बाजू घेणारेही तितकेच होते. क्युपिडला लेखकाने खलनायकासारखंच रंगवलंय, त्याचं वागणं बरोबर आहे असं पुस्तक कुठेच म्हणत नाही, हा त्यांचा मुद्दा. जेसन चिडवत नाही, कुणाला सांगत नाही, उलट निकोच्या बाजूने उभा राहतो. अनेक किशोरवयीन वाचकांना लक्षात राहिला तो हा मित्र.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी नजरेचा मुद्दा खोडून काढणं अवघड जातं. कदाचित रायर्डनलाही ते जाणवलं असावं, कारण 2014 च्या 'द ब्लड ऑफ ऑलिम्पस'मध्ये निकोला पहिल्यांदा स्वतःची प्रकरणं मिळाली. शेवटी तो पर्सीसमोर उभा राहून स्वतःहून सांगतो की तू मला आवडायचास, आता तो विषय संपला. पर्सी गोंधळून बघत राहतो आणि अ‍ॅनाबेथ निकोला टाळी देते. इथे त्याच्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती.

भारतातल्या वाचकांसाठी या तारखांना आणखी एक संदर्भ आहे. 'हाऊस ऑफ हेडीस' आल्यावर दोनच महिन्यांनी, 11 डिसेंबर 2013 ला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल फिरवला आणि कलम 377 पुन्हा पूर्ण लागू झालं. ते शिथिल झालं थेट 6 सप्टेंबर 2018 ला. तेव्हा मुंबई-पुण्यात निको वाचणाऱ्या एखाद्या समलिंगी मुलाला, गुपित फुटलं तर काय होईल, या भीतीसाठी 1930 च्या इटलीपर्यंत जायची गरज नव्हती.

मग विल कुठून आला?

विल सोलेस हा अपोलोचा मुलगा. छावणीत जखमींवर उपचार करतो. 'ब्लड ऑफ ऑलिम्पस'च्या अखेरीस तो निकोला दम देऊन आपल्या दवाखान्यात तीन दिवस राहायला लावतो, आणि 2016 च्या 'द हिडन ऑरॅकल'मध्ये दोघं जोडपं म्हणूनच समोर येतात. प्रेम जमलं कसं हे मधल्या मध्ये गायब! 'इतकी वर्षं रडवलंत आणि सुखाची पानं गाळलीत' ही तेव्हाची मुख्य तक्रार. ती रिकामी जागा मग चाहत्यांनी स्वतःच्या गोष्टी आणि चित्रं काढून भरली.

त्याच वर्षी आलेल्या 'द हॅमर ऑफ थॉर'मध्ये रायर्डननी अ‍ॅलेक्स फिएरो हे जेंडरफ्लुइड पात्र आणलं. त्यासाठी 2017 मध्ये त्यांना अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा स्टोनवॉल पुरस्कार मिळाला.

2023 : हवं ते मिळालं, पण...

2 मे 2023 ला 'द सन अँड द स्टार' आलं. निको आणि विल पाताळाच्याही तळाशी, टार्टारसमध्ये उतरतात, बॉब नावाच्या टायटनला सोडवायला. या वेळी रायर्डन एकटे नव्हते. सहलेखक होते मार्क ओशिरो, जे स्वतः क्विअर आहेत. निकोची गोष्ट सांगायला हा अनुभव जगलेला माणूस सोबत हवा, असा तो निर्णय होता.

प्रतिक्रिया पुन्हा दोन टोकांच्या. निकोचं दुःख, बहिणीची आठवण, स्वतःच्या अंधाराशी समेट हे अनेकांना भिडलं. त्याच्या मनातल्या जखमांतून जन्मलेले छोटे राक्षस, ज्यांना पुस्तकात 'कोको पफ्स' म्हणतात, त्यांच्यावर तर लोकांनी जीवच लावला. दुसरीकडे तक्रार अशी की विल सतत निकोला सुधारायला बघतो, दोघं पानोपानी भांडतात, आणि काही संवाद समुपदेशकाच्या खोलीतले वाटतात. जुन्या पुस्तकांशी न जुळणारे तपशीलही चाहत्यांनी शोधून काढले. अर्थात, ते शोधणारच.

पण 2013 आणि 2023 च्या टीकेत फरक आहे. तेव्हा प्रश्न होता की असं पात्र असावं का आणि त्याचं गुपित कसं फुटलं. आता बहुतेक वाचक विचारत होते की हे दोघं एकमेकांना शोभतात का. कुठल्याही प्रेमकथेला विचारतात तो प्रश्न. जुना आक्षेप संपलाय असं नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढण्याच्या मागण्या वाढल्यात आणि त्यांत एलजीबीटीक्यू पात्रांची पुस्तकं मोठ्या संख्येने आहेत.

निको-विलची गोष्ट 2025 च्या सप्टेंबरमध्ये 'द कोर्ट ऑफ द डेड'मध्ये पुढे गेली, पुन्हा ओशिरोंच्या साथीने. आणि डिस्नेच्या मालिकेचा तिसरा सीझन 'द टायटन्स कर्स'वर बेतलेला आहे. म्हणजे ज्यांनी पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यांना आता निको भेटेल तो दहा वर्षांचा, बहीण जिवंत असलेला, हातात पत्ते घेऊन समोर येईल त्याला प्रश्न विचारत सुटलेला.