शुगर आणि रोजे: डॉक्टरांच्या मोबाईलवरचा ‘रिस्क स्कोअर’ काय सांगतो?

रमजान जवळ आला की शुगर असलेल्या घरात एकच प्रश्न असतो, यंदा रोजे धरता येतील का? एक डॉक्टर ‘धरा’ म्हणतात, दुसरे ‘नको’. हा निर्णय निव्वळ अंदाजावर राहू नये म्हणून एक साधन तयार झालं आहे. त्याची माहिती आम्ही इथे देत आहोत.

हे साधन काय आहे?

पेशंटची माहिती भरली की डॉक्टरांना निर्णयासाठी मदत करणारी सॉफ्टवेअर १९७० च्या दशकापासून बनत आली आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातलं ‘मायसिन’ हे त्यातलं सुरुवातीचं. रोजांसाठीचा स्कोअर त्याच जातीचा, पण साधा: ठरलेले प्रश्न, प्रत्येक उत्तराला गुण आणि शेवटी बेरीज. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि ‘डायबिटीस अँड रमजान’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत तो दिला. कागदावरही मोजता येतो, मोबाईलवरही.

गरज का पडली?

२००१ मध्ये भारतासह १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेही मुस्लिमांचा अभ्यास झाला. टाईप २ शुगर असलेल्या सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे धरले होते. रमजानमध्ये त्यांच्यात शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण ७.५ पट झालं होतं. म्हणजे लोक रोजे धरणारच. प्रश्न कोणाला किती धोका आहे हा.

गुण कसे मिळतात?

- शुगर १० वर्षं किंवा जास्त: १
- एचबीए१सी ७.५ ते ९: १, नऊच्या वर: २
- शुगर आठवड्यातून एकदापेक्षा कमी वेळा उतरते: १, आठवड्यात अनेकदा: ३.५
- ग्लिमेपिराइड गोळी: ०.५
- घरी शुगर तपासणी अर्धवट: १, गरज असून अजिबात नाही: २
- मध्यम अंगमेहनत: २, जड अंगमेहनत: ४

किडनी, हृदय, गरोदरपण, वय, इन्सुलिन यांचेही गुण आहेत. बेरीज ३ पर्यंत आली तर धोका कमी, ३.५ ते ६ मध्यम, ६ च्या वर जास्त. जास्त धोक्यात रोजा धरू नये असा सल्ला आहे.

निगडीतलं एक उदाहरण

समजा, निगडीतले एक भाई चाकणच्या कारखान्यात जड काम करतात. शुगर १२ वर्षांची, एचबीए१सी ८.२, ग्लिमेपिराइड चालू, तपासणी अधूनमधून. कधीकधी कामावर हात थरथरतात, घाम फुटतो. तपासलं तर शुगर उतरलेली असते. सगळं खरं सांगितलं तर बेरीज ८.५, म्हणजे धोका जास्त. “कंपनीत आहे” एवढंच सांगून थरथर लपवली तर तीच बेरीज ३.५ होते. माणूस तोच, ॲप तेच, उत्तर वेगळं.

रोजे सुटतील या भीतीने आपल्याकडे बरेच जण नेमकी हीच गोष्ट लपवतात. म्हणून घरच्यांपैकी एकाने सोबत जावं.

शिवाय हा स्कोअर शिफ्ट विचारत नाही. नाईट करून दिवसा झोपणाऱ्याची सहरी, इफ्तार आणि गोळीची वेळ वेगळीच बसते. ते डॉक्टरांना आपणच सांगायचं. शेवटचा निर्णय डॉक्टरांचा, ॲपचा नव्हे.

आपण काय करावं?

- रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा.
- सगळ्या गोळ्या, जुने रिपोर्ट आणि शुगरच्या नोंदी सोबत न्या.
- ॲपवर स्वतः स्कोअर काढून गोळी किंवा इन्सुलिन बदलू नका.
- रोजात शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, चक्कर आली, तब्येत बिघडली तर रोजा लगेच सोडा.
- बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असं मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. तरी शंका असेल तर इमाम साहेबांना विचारा.

सूरह बकरामध्ये (आयत १८४ आणि १८५) आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. बरं होण्यासारखा आजार असेल तर कजा रोजे, नसेल तर फिदिया. आपल्याला काय लागू होतं ते उलेमांकडून समजून घ्या. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं तर घरातल्या कोणी त्या माणसाला कमीपणा वाटू देऊ नये.