लस होती, हात नव्हते : परळच्या प्रयोगशाळेची कथा

१/ ऑक्टोबर १८९६. मुंबईत प्लेगचे थैमान सुरू झाले होते. सरकारने पाचारण केलेले जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा प्रयोगशाळेत कामाला लागले. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्रयोगशाळेचे शिक्षण घेतलेला एकही नाही.

२/ १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस सापडली, पण शहराला पुरेल इतकी ती करणार कोण?

३/ कृती पाहा. बकऱ्याच्या मांसापासून केलेल्या पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांना धरून प्लेगचे जंतू लवणस्तंभांसारखे खाली लोंबत वाढत. पात्र हलवले की ते गळून पडत आणि नवे वाढू लागत. असे सुमारे सहा आठवडे. मग ६५ ते ७० अंश सेल्सियस उष्णतेने जंतू मारायचे.

४/ ते लोंबते धागे हीच शुद्धतेची खूण होती. ती ओळखायला सरावलेला डोळाच लागे. असा डोळा बाजारात विकत मिळत नाही. तो कामातूनच घडतो.

५/ १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. प्रशस्त जागा मिळाली. परंतु लस जितकी दूर जाई, तितकी कुशल हातांची साखळीही लांबत जाई.

६/ ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे साक्षीपुराव्यांतून दिसले, की बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक झाला नव्हता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. गेलेले जीव मात्र परतले नाहीत.

७/ १९२५ मध्ये या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी तिचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर विद्यार्थीही येथे संशोधन करू लागले. म्हणजे लस करणारी वास्तू माणसे घडवणारी शाळाही झाली. १९७० च्या दशकात उत्पादनासाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले.

८/ आज जैवतंत्रज्ञान उद्योगात कुशल मनुष्यबळ अपुरे असल्याची चर्चा होते, तेव्हा उपाय बहुधा नव्या पदव्यांत शोधला जातो. परळचा इतिहास वेगळे सांगतो : शिक्षण आणि उत्पादन एका छताखाली असावे, आणि प्रशिक्षण शेवटच्या टोकापर्यंत पोहोचावे. रुग्णालयात बाळाला लस टोचणारी परिचारिका हीदेखील त्याच साखळीची कडी आहे. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते, हे मुलकोवालने फार मोठी किंमत घेऊन शिकवले.