साथीच्या काळातील मोकळी हवा

फिरायला जाणे या गोष्टीला इतिहासाच्या ग्रंथांत सहसा जागा मिळत नाही. लढाया, तह, दुष्काळ यांची नोंद होते. परंतु पहाटे उठून एखादा माणूस कोणत्या रस्त्याने, किती अंतर आणि कशासाठी चालत गेला, हे लिहून ठेवण्याचे कोणाला कारण पडत नाही. मार्च २०२० नंतरची दोन वर्षे मात्र याला अपवाद ठरली. माणसाने व्यायामासाठी घराबाहेर पडावे की नाही, पडल्यास किती वाजता आणि किती दूर, यासंबंधीचे आदेश सरकारांनी काढले, बदलले, मागे घेतले आणि पुन्हा काढले. त्या काळी आम्ही परभणी जिल्ह्यात सेवेला होतो. ते आदेश आम्ही एका वहीत उतरवून ठेवीत असू. ती वही अलीकडे पुन्हा हाती लागली, म्हणून हे लेखन.

साथ आणि मोकळी जागा यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ज्यांनी प्लेगचे निदान केले, ते डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे आणि कॅथलिक. पुढल्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा, १८९७ अस्तित्वात आला. या कायद्याच्या बळावर पुण्यात गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, आणि आजाऱ्यांसह निरोगी माणसांनाही गावाबाहेरच्या छावण्यांत नेण्यात आले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडच्या खुनाच्या प्रयत्नात कसा झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना निवर्तल्या. एकशे तेवीस वर्षांनी महाराष्ट्र शासनाने कोरोनासाठी जो कायदा लागू केला, तो हाच.

परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड ही गोदाकाठची रेल्वे सुरू झाली आणि हा भाग दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि उंदरांबरोबर पिसवा प्रवास करतात, हे सर्वसामान्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्लेगच्या प्रसारात पिसूचा हात आहे, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले तेच मुळी १८९८ साली. परंतु घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे, एवढे खेड्यांतल्या माणसांनी अनुभवाने जाणले होते. गावेच्या गावे शिवारात राहायला जात. तुराट्यांच्या आणि कडब्याच्या कोप्या उभ्या राहत, चुली बाहेर पेटत, जनावरे झाडाखाली बांधली जात. साथ ओसरली की माणसे सारवून-पोतारून पुन्हा घरात येत. मराठवाड्यातील वृद्धांकडून ‘प्लेगात गाव बाहेर पडलं होतं’ हे वाक्य आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. त्यांनीही ते आपल्या आजा-आजीकडून ऐकलेले असे. त्या साथीत भय घरात होते आणि अभय माळावर.

मुंबईत याच प्लेगामुळे १८९८ मध्ये सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दाटीच्या वस्त्यांत वारा खेळावा म्हणून त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतीत बागांसाठी जागा सोडली. पाच उद्यानांचा परिसर त्याच आखणीतला. आज तेथे पहाटे जे फिरतात, ते एका अर्थी प्लेगाने दिलेल्या जागेत फिरतात. (त्या रस्त्यांसाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, त्यांतील कितीजणांना नवी खोली मिळाली, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता.) एवढे मात्र खरे की दाट वस्तीला मोकळी हवा ही चैन नव्हे, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना, उशिरा का होईना, पटले होते.

२०२० मध्ये नेमका हाच धडा विसरला गेला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. दूध, भाजी, धान्य, औषध, दवाखाना यांसाठी बाहेर पडण्याची मुभा होती. व्यायामाचा शब्द कोठेही नव्हता. त्याच आठवड्यात ब्रिटनने दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्यास संमती दिली. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटर आणि एक तास अशी मर्यादा होती. स्वतःच सही केलेला कागद खिशात बाळगावा लागे. स्पेनने याउलट केले. तेथील लहान मुले सहा आठवडे दाराबाहेर पडली नाहीत. २६ एप्रिलला ती प्रथम रस्त्यावर आली. आपल्याकडे एप्रिलमध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत सकाळी फिरणाऱ्यांना पोलिसांनी पकडून रस्त्यावरच योगासने करायला लावली. ते चित्र पाहून सारा देश हसला, आम्हीही हसलो. व्यायामाला निघालेल्यांना व्यायामाचीच शिक्षा व्हावी, यातील विसंगती त्या वेळी आमच्या ध्यानात आली नाही.

पोलिसांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तेही भयाखाली होते, आणि रोग कसा पसरतो याविषयी जाणकारांतही एकमत नव्हते. मार्च २०२० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते. २०२१ मध्ये तिला आपले म्हणणे बदलावे लागले. कोंदट, बंद खोलीत धोका अधिक आणि उघड्यावर पुष्कळच कमी, हे पुढे स्पष्ट झाले. माळावर कोपी घालणाऱ्या आपल्या पूर्वजांना वेगळ्या रोगाच्या संदर्भात हेच उमगले होते.

परभणी शहर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेथील फिरण्याची जागा सांगावी लागत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरातील झाडांच्या सावलीचे रस्ते हेच परभणीकरांचे खरे उद्यान. ‘परभणी मोती’ ज्वारी आणि ‘परभणी क्रांती’ भेंडी जेथे निपजली, त्या शेतांच्या कडेने निवृत्त मास्तर, डॉक्टर, व्यापारी सकाळी चालताना दिसतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा चालण्याजोगी वेळ म्हणजे पहाटेचा एखादा तास. टाळेबंदीत शैक्षणिक संस्था बंद झाल्या, बागा आणि मैदाने बंद झाली. ज्यांच्या घराला गच्ची होती ते गच्चीवर फिरले. ज्यांच्या घराला पत्रा होता त्यांच्यापुढे प्रश्न फिरण्याचा नव्हता, श्वास घेण्याचा होता. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे, वर तापलेला पत्रा, आणि दारासमोरच्या बोळात खाट टाकली तरी संचारबंदीचा धाक.

१ मे २०२० च्या केंद्र शासनाच्या यादीत परभणी जिल्हा नारिंगी विभागात होता, म्हणजे मोठ्या शहरांच्या मानाने बरा. त्या यादीला आठवडा होतो न होतो तोच ८ मे उजाडला. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील वीस मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. रस्त्याने गेल्यास अडवतील, म्हणून ते रुळांवरून चालले. दमून करमाडजवळ रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. पहाटे पाचच्या सुमारास आलेल्या मालगाडीखाली त्यांतील सोळा जण गेले. तो लोहमार्ग परभणी-मनमाड, आमच्या गावावरून जाणारा. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र वाचकांच्या स्मरणात असेल. फिरण्याच्या आदेशांची वही लिहीत असताना आम्ही हा प्रसंग तिच्यात उतरवला नव्हता. तो व्यायामाचा विषय नव्हे असे वाटले असावे. आज वाटते, चालण्याचा त्या वर्षाचा इतिहास लिहायचा तर प्रथम तोच लिहायला हवा होता.

पुढे दोन आठवड्यांनी, १९ मेच्या राज्य शासनाच्या आदेशाने, लाल विभागाबाहेरच्या भागात २२ मेपासून क्रीडांगणे आणि उघड्यावरील सार्वजनिक जागा व्यक्तिगत व्यायामासाठी खुल्या झाल्या. घोळका नको, प्रेक्षक नकोत, छताखालचे काही नको. परभणीला ही मोकळीक मुंबई-पुण्याआधी मिळाली. तेथे ती ३ जूनपासून आली, पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळेत. त्या आदेशात आणखी एक अट होती: घराजवळच्याच मोकळ्या जागेत जावे, लांबचा प्रवास करू नये. सायकल चालवण्यास मात्र उत्तेजन दिले होते, ही गोष्ट आम्हांला मोठी शहाणपणाची वाटली. जूनच्या अखेरीस मुंबईच्या पोलिसांनी त्या ‘जवळ’ शब्दाला दोन किलोमीटरचे माप लावले, तेव्हा पुष्कळ गदारोळ झाला.

‘जवळची मोकळी जागा’ या शब्दांपाशी आम्ही वारंवार अडखळलो. ज्याच्या घराजवळ मैदान आहे त्याच्यासाठी ती सवलत. ज्याच्या घराजवळ नाला, भिंत आणि दुसऱ्याचे घर एवढेच आहे, त्याने काय करावे? लांब जाण्यास मनाई आणि जवळ काही नाही. अशा माणसासाठी आदेश निघाला काय अन् न निघाला काय.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या ख्रिस्तमंदिरालगत एक मैदान आहे, कडेने कडुनिंबाची झाडे. टाळेबंदीत प्रार्थनास्थळे बंद होती. राज्यात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. तेव्हा फाटकाला कुलूप, आणि आत आम्ही एकटे. आम्हांला मधुमेह आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजा मैदानाला फेऱ्या मारीत असू, हातात जपमाळ. फाटकापलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे. तेथला सात-आठ वर्षांचा एक मुलगा गजांना धरून उभा राही. एके दिवशी त्याने विचारले, “फादर, तुमी रोज असं गोल गोल कामून फिरायलाव?”

आम्ही म्हणालो, “व्यायाम करतो, बाळा.”

“मग आमाला बी येऊ द्या की.”

सरकारची बंदी आहे, असे आम्ही त्याला सांगितले. ते एप्रिलमध्ये खरे होते. २२ मेनंतर ते तितकेसे खरे राहिले नाही. आदेश आम्ही स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला होता. तरीही मृगाचा पाऊस पडेपर्यंत कुलूप तसेच ठेवले. कोणी आजारी पडले तर बोल आमच्यावर येईल, ही भीती. जूनच्या मध्यावर, धर्मग्रामातील दोघा-तिघा वडीलधाऱ्यांशी बोलून, पहाटे पाच ते सात फाटक उघडायचे ठरले. एका वेळी दोन कुटुंबे, तोंडाला मुसके किंवा पदर. पहिल्या दिवशी चार बायका आल्या. चपला काढून गवतावर चालल्या, कोणी फारसे बोलले नाही. तो मुलगा मात्र आला नाही. चौकशी करता कळले की त्याचे वडील गवंडीकाम करीत, काम बंद पडले, आणि मेच्या अखेरीस ते कुटुंब जिंतूर तालुक्यातील आपल्या गावी निघून गेले. बरेचसे अंतर पायीच, असे शेजारी म्हणाले.

त्याच वर्षी आषाढीची पायी वारीही झाली नाही. शेगावहून निघून परभणी, गंगाखेडमार्गे पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी ज्या रस्त्यावरून जाते, तो रस्ता जूनमध्ये रिकामा होता. मानाच्या पादुका १ जुलैच्या एकादशीसाठी एस. टी.ने गेल्या.

२०२१ ची दुसरी लाट अधिक क्रूर होती आणि तिच्यात आमच्या धर्मग्रामातील माणसेही गेली. एप्रिलच्या मध्यावर पुन्हा निर्बंध आले. या वेळी सकाळचे फिरणे, धावणे, सायकल यांना परवानगी नाही, असे शासनाने प्रश्नोत्तराच्या रूपात स्पष्टच सांगितले. ७ जूनपासून राज्याचे पाच स्तर पडले. पहिल्या दोन स्तरांत फिरण्यास आडकाठी नव्हती, तिसऱ्यात रोज पहाटे पाच ते नऊ, चौथ्यात तेच, पण शनिवार-रविवार वगळून, पाचव्यात बंद. बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या खाटा यांवरून आठवड्याला स्तर ठरे. दवाखान्यात किती खाटा भरल्या यावरून आपण उद्या पहाटे चालायचे की नाही, हे कळे. एप्रिल २०२२ च्या आरंभी राज्यातील सारे निर्बंध उठले आणि आमची वही तेथेच संपली.

मैदानाचे फाटक अजूनही पाचला उघडते. पूर्वी येणाऱ्या चार बायकांच्या आता दहा-बारा झाल्या आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक आपल्या धर्माच्या नाहीत. त्यांची एकच तक्रार आहे, की पावसाळ्यात गवत वाढते आणि जनावराची भीती वाटते. गवत काढण्याचे काम यंदा श्रावणाआधी करून घ्यायचे आहे.